चोवीसपट हौस

स्वप्नील कुसाळेच्या रायफलीवर दुर्बीण नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण १ ऑगस्ट २०२४ नंतर पुण्यात ज्यांना ज्यांना नेमबाजीचा झटका आला, त्यांतल्या बऱ्याच जणांचा समज वेगळा आहे. पॅरिस ऑलिम्पिकची नेमबाजी पॅरिसपासून लांब शातोरूला झाली. तिथं राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस असलेल्या या पोरानं ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये ४५१.४ गुण घेतले आणि कांस्यपदक आणलं. खाशाबा जाधवांच्या १९५२च्या हेलसिंकीतल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक यायला ७२ वर्षं लागली. पेढे वाटून झाले, रेल्वेनं बढती दिली, आणि मग शहरातल्या घराघरांत एकच प्रश्न निघाला : "ती वरची नळी केवढ्याला पडते हो?"

वर नळी नसते. भोक असतं.

मागच्या साइटमध्ये मिलिमीटरभराचं भोक, पुढं नळीच्या टोकाशी एक कडं. भोकातून कडं बघायचं, कड्यात लक्ष्याचा काळा गोल बसवायचा. नेमबाज त्याला पीप साइट म्हणतात. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत दुर्बिणीला नियमानंच मज्जाव आहे. या भोकातून ५० मीटरवर जे गाठायचं, ते दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. १० मीटर एअर रायफलमध्ये तर ते अर्ध्या मिलिमीटरचं, म्हणजे जेल पेननं कागदावर टेकवलेल्या ठिपक्याएवढं. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली ती याच भोकातून बघून. अंजली भागवतांनी २००२मध्ये 'चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स'चा मान मिळवला तोही. भोक बारीक असलं की डोळ्याला जवळचं कडं आणि लांबचा गोल दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ दिसतात. एवढ्या साध्या भौतिकशास्त्रावर महाराष्ट्राची नेमबाजी उभी आहे. पण भोकाला किंमत नसते आणि त्याच्या खोक्यावर आकडा छापता येत नाही. पुणेकराला खोक्यावर आकडा लागतो.

आमच्या भाच्याला चोवीस हा आकडा लागला.

भाचा हिंजवडीत नोकरीला. त्यानं एअर रायफल घेतली, ४.५ मिलिमीटरची. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५पर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असली की परवाना लागत नाही. त्यामुळे ज्यांना एरवी पोलीस ठाण्याची पायरी चढायचा धीर होत नाही, असे सगळे शूर या वर्गात येतात. रायफल आली आणि चार दिवसांत तिच्यावर काय चढवायचं याची चर्चा सुरू झाली. भाच्याच्या मनात ६-२४x५० स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, भरली होती. सहा ते चोवीसपट मोठं दाखवणार, पुढच्या भिंगाचा व्यास ५० मिलिमीटर. शिवाय क्रॉसहेअर, म्हणजे नेम धरायची आतली फुली, लाल आणि हिरव्या दिव्यांनी उजळणार. दिवाळीत आकाशकंदिलाचा खर्च वाचेल, एवढाच फायदा मला दिसला.

"मारणार किती लांबून?" मी विचारलं.

"मामा, मिड-रेंज."

हा शब्द अमेरिकेतून आलाय. तिथं टार्गेट शूटिंगवाले ३०० ते ६०० यार्डांना मिड-रेंज म्हणतात. ६०० यार्ड म्हणजे जवळजवळ साडेपाचशे मीटर. संध्याकाळी सहाला कर्वे रस्त्यावर एवढं अंतर कापायचं तर माणूस घरी फोन करून उशीर होईल असं सांगतो. आता पुण्यातला मिड-रेंज मोजू. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बालेवाडीला श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. तिथल्या नेमबाजीच्या रेंज १०, २५ आणि ५० मीटरच्या. त्यापलीकडचा पल्ला हवा असेल तर लष्करात भरती व्हा. तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी ५० मीटरच्या पुढं पुणं संपतं. आणि भाच्याच्या रायफलीतून सुटलेला छर्रा पन्नास मीटरला पोचेस्तोवर इतका दमतो, की वाऱ्याची साधी झुळूकही त्याला चार बोटं बाजूला नेऊन ठेवते. सहाशे यार्ड ही त्याच्यासाठी परदेशवारी आहे.

म्हणजे यंत्र अर्ध्या किलोमीटरचं, जागा पन्नास मीटरची आणि छर्रा त्याहूनही कमी जिवाचा. स्वस्त स्कोप निवडताना सगळा गोंधळ इथंच होतो. दुकानात उभा असलेला माणूस स्वतःच्या मैदानाचा विचार करत नाही, व्हिडिओतल्या मैदानाचा करतो.

चोवीसपट म्हणजे काय, ते साध्या भागाकारानं बघा. ५० मीटरवरचं लक्ष्य दोन मीटरवर उभं असल्यासारखं दिसणार. दोन मीटरवरूनच बघायचं असेल तर माणसानं चालत जावं, तेवढाच व्यायाम. पण खरी गंमत पुढं आहे. लक्ष्य चोवीसपट मोठं होतं तसा तुमच्या हाताचा कंपही चोवीसपट मोठा होतो. श्वास दिसतो. नाडीचा ठोका दिसतो. भाच्यानं एका मित्राची अशी स्कोप लावून पाहिली तेव्हा क्रॉसहेअर ठेक्यात उड्या मारत होता. त्याला वाटलं स्कोपचे स्क्रू सैल आहेत. स्क्रू घट्ट होते. डोळ्यापुढं जे नाचत होतं ते त्याचं हृदय होतं.

यातून घाबरटपणा येतो. क्रॉसहेअर मध्यावरून जाताना दिसला की आत्ताच, आत्ताच म्हणत माणूस ट्रिगरला हिसका देतो, आणि छर्रा भलतीकडं. कमी पटीत तोच कंप असतो, पण डोळ्याला टोचत नाही, म्हणून बोट शांत राहतं. शिवाय पट वाढली की दृश्य आक्रसतं. रेंजवर पाच-सहा लक्ष्यं शेजारी शेजारी लावलेली असतात. चोवीसपटीत त्यांतलं एकच दिसतं, आणि ते तुमचंच असेल याची खात्री नसते. शेजाऱ्याच्या लक्ष्यावर उत्तम दहा मारणारे लोक मी पाहिलेत. स्पर्धेत अशा गोळीला शून्य मिळतं, आणि शेजारी चहाही पाजत नाही.

आणखी एक भागाकार आहे, तो कोणी करत नाही. पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ५० भागिले २४, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. स्कोपच्या मागच्या टोकातून डोळ्याकडं येणाऱ्या उजेडाची चकती एवढीच. डोळा तिच्यावर नेमका बसला तर दिसतं, जरा हलला की काळोख. ४० भागिले ९ केले तर साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतात, मग डोळ्याला जरा मोकळं बसता येतं. बालेवाडीच्या दुपारी उजेड भरपूर असतो, त्यामुळे मोठ्या भिंगानं जास्त उजेड येतो या युक्तिवादाचा उपयोग शिकाऱ्याला, संधिप्रकाशात दबा धरून बसणाऱ्याला. आपल्याकडं तो धंदा १९७२च्या वन्यजीव कायद्यानं बंद केला. वर ५० मिलिमीटरचं भिंग नळीला टेकू नये म्हणून स्कोप उंच बसवावी लागते, आणि स्कोप उंच झाली की गाल दस्त्यावर टेकत नाही, हवेत तरंगतो. तरंगत्या गालानं नेम धरणं म्हणजे रोज नव्या डोळ्यानं बघणं.

पटीचा हा मोह नवा नाही. टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून आकाश बघते आहे. दुर्बीण कोणती घेऊ असं तिथल्या माणसांना विचारून बघा. ते पट सांगत नाहीत, पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास विचारतात. खेळण्याच्या खोक्यावर ५२५पट लिहिलेल्या दुर्बिणीतून शनी म्हणजे थरथरता ठिपका दिसतो, हे त्यांना पाठ असतं. ही बातमी टिळक रस्त्यावरून बंदुकीच्या दुकानापर्यंत अजून पोचलेली नाही.

बरं, आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचं भिंगाशी वैर आहे असंही नाही. पळत्या लक्ष्यावर मारायचा एक प्रकार आहे. १० मीटरवरचा हा खेळ २००४च्या अथेन्सपर्यंत ऑलिम्पिकमध्ये होता. त्यात स्कोप चालते. मात्र मर्यादा चारपटीची. जगातले उत्तमोत्तम नेमबाज, हलतं लक्ष्य, आणि महासंघाच्या मते चारपट पुरे. आमच्या भाच्याचं लक्ष्य हलत नाही. पुठ्ठ्याला टाचणीनं टोचलेलं असतं.

एक अपवाद प्रामाणिकपणे नोंदवतो, नाहीतर जाणकार पत्रं पाठवतील. इंग्लंडात फील्ड टार्गेट नावाचा एअर रायफलचा खेळ आहे. सुमारे ८ ते ५५ यार्डांवर पत्र्याचे पक्षी-प्राणी लपवलेले असतात, अंतर कुणी सांगत नाही. तिथले लोक मोठ्या पटीच्या स्कोपचं फोकसचं चक्र फिरवतात, चित्र जिथं स्वच्छ होईल तो आकडा वाचून अंतर काढतात. तिथं चोवीसपट हे कामाचं हत्यार आहे. भाच्यानं हाच मुद्दा मांडला. मी म्हटलं, तुझं अंतर गुप्त आहे का? तूच तर टेपनं मोजून आलास.

आता ज्या गोष्टीसाठी पैसे खरोखर मोजावेत, ती. तिचं नाव पॅरलॅक्स.

शंभर यार्डांसाठी जुळवलेली स्कोप तुम्ही जवळच्या लक्ष्यावर रोखली, की क्रॉसहेअर लक्ष्याला चिकटून बसत नाही, त्याच्यावर तरंगतो. डोळा जरा डावीकडं सरकला की तोही सरकतो, आणि रायफल मात्र जागची हललेली नसते. पुढचं भिंग ४० मिलिमीटरचं आणि डोळा पार कडेला गेलेला असेल, तर अशा स्कोपमध्ये ५० मीटरवर नऊ मिलिमीटरपर्यंत फसगत होऊ शकते. १० मीटरवर सतरा-अठरा मिलिमीटर. वरचं अर्ध्या मिलिमीटरचं वर्तुळ आठवा आणि त्याच्यापुढं हा आकडा ठेवा. शिवाय दहा मीटरवर तिच्यातून चित्रही धूसर दिसतं, आणि भाचेलोक चष्म्याचा नंबर तपासायला जातात. मोठ्या बंदुकांसाठी बनलेल्या बऱ्याच साध्या स्कोप कारखान्यातच शंभर यार्डांवर पक्क्या केलेल्या असतात. त्या रणगाड्यासारख्या मजबूत असतील, दिसायला देखण्या असतील, तुमच्या कामाच्या नाहीत.

म्हणून पुढच्या भिंगाच्या कड्यावर किंवा बाजूला फिरणारं चक्र आहे का बघायचं, आणि त्यावरचा सगळ्यात लहान आकडा वाचायचा. दहा यार्ड असेल तर पुढं बोलू. पन्नासपासून सुरू होत असेल तर नमस्कार करून खोकं परत द्यायचं. स्वस्तातल्या चक्रांवरचे आकडे छापणाऱ्याच्या मर्जीनं छापलेले असतात, त्यावर विश्वास ठेवू नका. टेपनं दहा, वीस, पन्नास मीटर मोजा, प्रत्येक अंतरावर चित्र स्वच्छ करा, आणि चक्रावर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीनं स्वतःच्या खुणा करा. हा उद्योग फुकट आहे, म्हणून कोणी करत नाही.

दुकानात स्कोप कशी तपासायची, याबद्दल पुण्याइतकी सोय जगात कुठं नाही. दाराबाहेर या, समोरच्या पाट्यांकडं बघा. देवनागरीला शिरोरेषा आहे, आणि स्वस्त भिंगाची परीक्षा घ्यायला तिच्यासारखी पट्टी मिळणार नाही. पाटीची शिरोरेषा दृश्याच्या मध्यावर सरळ दिसते आणि कडेला नेली की वाकते का? काळ्या अक्षराच्या काठाला जांभळी किंवा हिरवट झालर येते का? मध्यभागी अनुस्वार दिसतो आणि कडेला गडप होतो का? कडेला थोडंफार बिघडणारच, या किमतीत तक्रार करू नये. मध्यभागी अनुस्वार गडप होत असेल तर ती स्कोप परत ठेवा. होत नसेल तर ती खिडकीच्या कठड्यावर वह्यांच्या थप्पीत स्थिर ठेवा, हात न लावता मान हळू डावी-उजवी करा. क्रॉसहेअर अक्षरावरून घसरत असेल तर चक्र फिरवून घसरगुंडी थांबते का बघा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या, त्याला सवय असते. स्कोप सुटी असतानाच हे सगळं करा, रायफलीवर चढवून रस्त्याकडं रोखलीत तर पुढचा लेख तुमच्यावर लिहावा लागेल.

या टप्प्यावर आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी चर्चेत उडी घेतली. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे बंदूक या विषयावर सोसायटीत शेवटचा शब्द त्यांचा. हयात लेखा विभागात गेली हा तपशील ते स्वतःहून सांगत नाहीत. "तीस मिलिमीटरची नळी घे," काका म्हणाले, "इंचीपेक्षा उजेड जास्त येतो."

येत नाही. उजेड पुढच्या भिंगानं ठरतो आणि भिंगावरच्या लेपानं. नळी जाड असली की आतला भाग वर-खाली सरकायला जागा जास्त मिळते, म्हणजे लांबच्या पल्ल्यावर जास्त क्लिक (नेम सरकवायच्या चक्राचे टप्पे) वापरता येतात. लांबचा पल्ला आपल्याकडं नाही हे वर ठरलंच आहे. इंची नळी पन्नास मीटरला छान पुरते. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "आमच्या वेळी असं नव्हतं." भौतिकशास्त्र त्यांच्या वेळी वेगळं असावं.

पण काकांची एक गोष्ट मात्र बरोबर होती, आणि ती त्यांनी चुकून सांगितली : "स्प्रिंगची बंदूक आहे, झटका उलटा बसतो." मोडून भरायच्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलचा झटका खरंच विचित्र. पिस्टन सुटतो तेव्हा रायफल मागं येते, आणि पिस्टन पुढं आदळला की पुढं झेपावते. एका बारात दोन धक्के, दोन विरुद्ध दिशांना. मोठ्या बंदुकीसाठी बनलेली स्कोप मागचा दणका सोसते, पुढच्या झेपेनं तिचं आतलं काम खिळखिळं होतं. हत्तीच्या बंदुकीवर टिकलेली स्कोप चिमण्या उडवायच्या बंदुकीवर मरते, ही नेमबाजांची जुनी थट्टा आहे आणि ती खरी आहे. तेव्हा स्प्रिंगवाली असेल तर स्प्रिंगसाठी चालते असं खोक्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. हवेच्या टाकीवर चालणारी पीसीपी असेल तर ही चिंता नाही, तिला झटका जवळपास नसतोच.

आणि माउंट. पंधरा हजारांची स्कोप दोनशे रुपयांच्या माउंटवर बसवणारा माणूस पाहिला की मला पैठणीवर सेफ्टी पिन आठवते. एअर रायफलवर बहुधा ११ मिलिमीटरची खाच असते. तिच्यात बसणारा, एकाच तुकड्याचा, मागं घसरू नये म्हणून खुंटी असलेला माउंट घ्या. स्कोप घसरते ती कण्याकण्यानं. रोज छर्रे जरा जरा भलतीकडं जात राहतात आणि माणूस रोज क्लिक फिरवत राहतो. स्क्रू आवळताना पान्हा दोन बोटांनी धरा, मुठीनं नाही. पातळ नळी दाबली जाते आणि आतलं भिंग अडकतं. एकानं घसरगुंडी थांबवायला फेविक्विक लावलं होतं. थांबली. आता ती स्कोप त्या रायफलीबरोबरच नांदते.

क्लिकवरून आठवलं. बहुतेक स्कोपवर एक क्लिक म्हणजे पाव एमओए, म्हणजे कोनाचं पाव मिनिट. शंभर मीटरवर छर्रा त्यानं सुमारे सात मिलिमीटर सरकतो, पन्नासवर साडेतीन, आणि दहा मीटरवर पाऊण मिलिमीटरही नाही. म्हणजे दहा मीटरवर छर्रा एक सेंटिमीटर खाली लागत असेल तर चौदा क्लिक द्यावे लागतात. भाचा दोन क्लिक देतो, काहीच फरक दिसत नाही म्हणतो, आणि चक्र बिघडलंय असं जाहीर करतो. क्लिक खरे आहेत का हे बघायची पद्धत वेगळी आहे. तीन छर्रे मारा. वीस क्लिक वर, तीन छर्रे. वीस उजवीकडं, तीन. वीस खाली, तीन. वीस डावीकडं आणून पुन्हा तीन. कागदावर चौकोन झाला आणि शेवटचे छर्रे पहिल्यांच्या घरात जाऊन बसले, तर स्कोप इमानदार. समलंब चौकोन झाला तर भूमितीचा अभ्यास झाला असं समजा आणि बिल शोधा.

बिल शोधण्यावरून, बिल घ्या. नामांकित परदेशी नावांच्या नकला बाजारात बिनदिक्कत फिरतात. नाव तेच, किंमत पाव, छपाईत एखादं अक्षर इकडचं तिकडं. चिनी म्हणून मात्र नाक मुरडू नका. जगातल्या स्वस्त आणि मधल्या किमतीच्या कितीतरी स्कोप चीनमध्येच बनतात, आणि स्वतःच्या नावानं विकल्या जाणाऱ्या काही बऱ्या असतात. जर्मन कुळी मिरवणारं खोटं नाव घेण्यापेक्षा चिनी खरं नाव घ्या. देशी म्हणाल तर आमची एक पुणेरी खंत आहे. सैन्याच्या इन्सास रायफलीचा आराखडा पाषाणच्या एआरडीई या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत झाला, म्हणजे बंदूक या शहराला परकी नाही. पण संरक्षण खात्याची भिंगांची प्रयोगशाळा देहरादूनला. नळी पुण्यात, डोळा डोंगरात.

आता पैशांचा हिशेब. परदेशी शिकाऱ्यांत एक म्हण झालीय, की बंदुकीला जेवढे घातले तेवढेच स्कोपला घाला. शिकाऱ्याला पहाटेच्या अंधुकात तीनशे मीटरवरचं हरीण बघायचं असतं, त्याच्यासाठी ते खरं असेल. पन्नास मीटरवर, भर उजेडात, पांढऱ्या कागदावर काळा गोल बघायला रायफलीच्या निम्मी किंमतही जास्त होते. ३-९x४०, दहा यार्डांपासून पॅरलॅक्स, टोपणवाले टरेट (क्लिकची चक्रं), स्प्रिंगला चालणारी, साधा बारीक क्रॉसहेअर. दिवे नकोत. क्रॉसहेअर पटीबरोबर मोठा होतो की नाही, यावर रात्र जागवू नका, ठरलेल्या अंतरावर कागद फोडणाऱ्याला त्यानं फरक पडत नाही. फक्त दहा मीटरवर खेळणार असाल तर पॅरलॅक्सचं चक्र असलेली साधी चारपटही चालेल, आणि तेवढीही नको असेल तर पीप साइट लावा. कांबळवाडीचं पदक तिनंच आणलंय.

उरलेल्या पैशांचे छर्रे घ्या. हा सल्ला देताना माझा आवाज चढतो, कारण तो कोणालाच आवडत नाही. एकाच रायफलीतून एका प्रकारचे छर्रे करंगळीच्या नखाएवढ्या जागेत पडतात आणि दुसऱ्या प्रकारचे तळहाताएवढ्या जागेत विखुरतात. नळीला कोणते आवडतात हे तिलाच विचारावं लागतं, चार-पाच प्रकारांचे डबे आणून, टेकूवर रायफल ठेवून, शांतपणे. विखुरणाऱ्या छर्ऱ्यांवर चोवीसपट स्कोप लावली, की ते विखुरलेले चोवीसपट स्वच्छ दिसतात, आणखी काही होत नाही. पण डबा फ्लॅटमधल्या पाहुण्यांना दाखवता येत नाही, स्कोप येते.

पावसाळ्याचंही बघा. पुण्याच्या दमट जुलै-ऑगस्टमध्ये भिंगावर बुरशी धरते, हे कॅमेरेवाल्यांना विचारा. नायट्रोजन भरलेली आणि रबरी कड्यांनी बंद केलेली स्कोप आतून धुकत नाही. बाहेरच्या बुरशीसाठी मात्र हवाबंद डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या. एवढं केलं तरी काही लोक ती चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतात आणि दसऱ्याला पूजेला काढतात. दसऱ्यापर्यंत तिच्यात बाग फुललेली असते.

राहता राहिला मारण्याच्या जागेचा प्रश्न. रेंजवर ऑलिम्पिक प्रकारांचा सराव चालतो, तिथं स्कोपवाल्यानं आधी विचारून जावं. विचारायला कमीपणा वाटतो म्हणून लोक गच्ची गाठतात. परवाना लागत नाही म्हणजे गच्ची चालते असं कायदा कुठं म्हणत नाही. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्या निष्काळजीपणासाठी भारतीय न्याय संहितेत १२५वं कलम आहे, आणि ते छर्ऱ्यालाही लागतं. शिवाय समोरच्या इमारतीवर सौर पॅनेल असतात, त्यांचे मालक पुणेकर असतात, आणि त्यांच्याकडं खरेदीची पावती जपून ठेवलेली असते.

भाच्यानं शेवटी ३-९x४० घेतली. मन मारून. पहिल्या रविवारी काका ती बघायला आले, सुटी आहे की रायफलीवर चढवलेली हे न बघताच त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं, हिच्यातून सिंहगडाचा टॉवर दिसतो का बघू."

टॉवर दिसेल. पण चढवलेल्या स्कोपमधून ज्याच्याकडं बघावं त्याच्याकडं नळीही बघते, आणि सिंहगडावर रविवारी पिठलं-भाकरी खायला निम्मं शहर गेलेलं असतं. काका, ८x४२ची साधी दुर्बीण मिळते, पक्षी बघायची. याहून स्वस्त, आणि तिला ट्रिगर नसतो.